पितळी पोपटाची दिल्ली

(नाशिक, सातपूरची कामगार वसाहत. सन २०००, जानेवारी संपत आलेला. सुट्टीच्या दिवसाची सकाळ. दारात एक माणूस. खांद्याला कापडात गुंडाळलेलं लांबडं वाद्य.)

आशा : नाही हो, चुकला नाहीत. दिल्लीवाले इथेच राहतात. आतल्या खोलीत दाढी करतायत.

पुंजा : म्हंजी पुस्तकाच्या मागं छापलेला पत्ता ह्योच?

आशा : हाच. सकाळी कारखान्यात टर्नर, संध्याकाळी घरात दिल्लीचा कारभार. या, बसा. चपला असू द्या दारातच. आणि हे काय एवढं, तान्ह्या बाळासारखं गुंडाळून आणलंय?

पुंजा : पावरी हाय ताई. भोपळ्याची असती. आमच्याकडं नाचाला वाजवत्यात.

आशा : अहो, ऐकलं का? बाहेर या! तुम्हाला वाचक आलाय. खराखुरा, दोन पायांचा. आणि तोंड पुसून या, कानाला साबण तसाच ठेवून येऊ नका.

वाल्मीक : आलो, आलो. ओरडतेस काय अशी, घरात चोर शिरल्यासारखी? नमस्कार. बसा ना. मी वाल्मीक. पुस्तकांवर नाव असतं तो मीच.

पुंजा : नमस्कार साहेब. मी पुंजा. हरसूलच्या वरल्या अंगाला पाडा हाय आमचा. तुमची दिल्लीची समदी पुस्तकं वाचली. इन्स्पेक्टर दुर्गेश! एक खून सोडला नाय. हरसूलच्या बाजारात एक जण जुनी पुस्तकं मांडून बसतो, त्याच्याकडनं घ्यायची.

वाल्मीक : अरे वा! ऐकतेस ना आशा? आपला दुर्गेश हरसूलपर्यंत पोचला.

आशा : ऐकतेय की. दुर्गेश सगळीकडे पोचतो. त्याला लिहिणारा तेवढा खुर्चीतून उठत नाही. थांबा, चहा टाकते.

पुंजा : साहेब, मी आज पहाटंच नाशिकरोडला उतरलो. दिल्लीहून. सव्वीस जानेवारीला आमचं नाचाचं पथक नेलं व्हतं. बाकीची पोरं गेली गावाला. मी म्हणलं, तुम्ही व्हा फुडं, मला आधी साहेबाला गाठायचं. दुपारच्या एसटीनं येतो.

वाल्मीक : दिल्लीहून. असं, असं. वा. थंडी असेल नाही भरपूर?

पुंजा : लय. पण थंडीचं काय नाय. मला घरी जाता येत नाय, म्हणून आलो.

आशा : का हो? बायकोशी भांडण झालं का?

पुंजा : अजून नाय झालं. मी गेलो का व्हईल.

आशा : मग चहा राहू दे जरा. हे आधी ऐकते.

पुंजा : मैना नाव तिचं. तिला वाचता येत नाय. आम्ही हंगामाला खाली उतरतो, विंचूरकडं कांद्यावर, कधी द्राक्षावर. काम सुटलं का पालापुढं चूल पेटती, तिनं भाकरी थापायची आन् मी वाचायचं. खून, बंदुका, मारामारी, तिला त्याचं काय बी नाय. म्हणती, ते भरभर वाच आन् हिरव्या दारापाशी ये.

आशा : कुठलं हिरवं दार?

वाल्मीक : असतं गं एक, कथानकात. तू चहाचं बघ ना.

पुंजा : तुम्हाला ठावं नाय ताई? परत्येक पुस्तकाच्या शेवटाला असतं. चोर घावला का दुर्गेश सायब जुन्या दिल्लीत जातो. एका बोळाच्या टोकाला हिरवं दार हाय. ते वाजवतो.

आशा : आणि दार कोण उघडतं?

पुंजा : ती बाई.

आशा : हं. ती बाई. वत्सलाबाई बोलल्या होत्या मला.

वाल्मीक : शेजारच्या वत्सलाबाईंना साहित्यातलं काय कळतं?

आशा : साहित्यातलं नसेल कळत, बायकांतलं कळतं. म्हणाल्या, आशाताई, रागावू नका, पण तुमच्या मिस्टरांचा इन्स्पेक्टर दर पुस्तकात त्या एकाच बाईकडे जातो हो. त्या दिवसापासून मी तुमच्या पुस्तकाचं पान उघडलं नाही.

पुंजा : म्हंजी तुम्ही एक बी नाय वाचलं?

आशा : शर्ट मी धुवायचे, डबा मी भरायचा, वर दिल्लीच्या बायकाही मीच वाचायच्या? तुम्ही बोला. मैना काय म्हणाली?

पुंजा : निघालो तवा म्हणली, परेड बघ नायतर नको बघू, पण त्या दाराला हात लावून ये. कसं हाय ते मला येऊन सांग. आन् नाय सापडलं तर घरी येऊ नको. हसत म्हणली ताई, पण मैनाचं हसणं तुम्हाला ठावं नाय.

आशा : एवढं काय आहे त्या दारात?

पुंजा : आमचं कसं हाय, आज ह्या मळ्यात, फुडल्या महिन्यात त्या मळ्यात. पाल उठलं का चूल कुठं व्हती ते बी कळत नाय. मैना म्हणती, दुर्गेश सायब कुठं बी जाऊन मरू दे, माघारी येतो तवा दार जागच्या जागी असतं. असं एक दार कुठंतरी हाय म्हणलं का मला बरं वाटतं.

आशा : शहाणी आहे हो तुमची मैना.

पुंजा : शाणी हाय त्याचंच तर भ्या वाटतं. खोटं सांगितलं का डोळ्यात बघून धरती. तर साहेब, मी शोधलं. नाचाचा सराव सुटला का निघायचो. दार काय घावलं नाय. तुम्हीच सांगा, मी कुठं चुकलो?

वाल्मीक : हं. म्हणजे त्याचं असं आहे... तुम्ही गेलात कुठल्या बाजूनं?

पुंजा : तुम्ही लिवलंय तसाच. ठेसनातून भाईर पडायचं, उताराला लागायचं, पाच मिनिटात यमुनेचा घाट. उतार कुठं हाय साहेब?

वाल्मीक : असेल की थोडा. तुमच्या लक्षात आला नसेल.

पुंजा : मी डोंगरातला माणूस. मला उतार डोळे मिटून पायाला कळतो. भाकरीसारखी सपाट हाय दिल्ली! आम्ही चौघं चालतोय, चालतोय, नदी काय येईना. एका रिक्षावाल्याला इचारलं, यमुना कुठं? तो म्हणला, चालत? आन् जो हसला, जो हसला.

आशा : मग पोचलात का शेवटी?

पुंजा : पोचलो. पण तिथं बुधवारचा बाजार नाय.

आशा : कुठला बाजार?

पुंजा : पुस्तकात नदीच्या वाळूत भरतो ना, बुधवारी. मेथी, कांदे, सुकट, बांगड्या. चोर त्या गर्दीत घुसतो आन् दुर्गेश सायब टोपलीवरून उडी मारतो. मी मुद्दाम बुधवार धरून गेलो. एक जुडी मेथीची नाय!

आशा : अहो! आपल्या गोदेवरचा बाजार उचलून यमुनेत नेऊन टाकलात?

वाल्मीक : त्याला वातावरणनिर्मिती म्हणतात. वाचकाला सगळं ओळखीचं वाटायला हवं.

पुंजा : वाटायचं ना साहेब. लय ओळखीचं वाटायचं. दिल्लीत गेलो तवाच कायबी ओळखीचं दिसंना. मंग सकाळी पोरांना म्हणलं, चला, दिल्लीची मिसळ खाऊ घालतो. दुर्गेश सायब रोज खातो, वरून तर्री मारून.

आशा : मिसळ! दिल्लीत! देवा रे.

पुंजा : चार दुकानं फिरलो. एक जण म्हणला, मिसळ हे कुठल्या गावाचं नाव हाय का? पोरांनी तिथनं मला चिडवाया सुरुवात केली, ते पार नाशिकरोड येईस्तोवर.

आशा : अजून काय काय आहे हो त्या दिल्लीत? मला आता गोडी लागली.

पुंजा : डोंगर हाय. गावाभाईर. त्याला लेणी हायेत, खुनी तिथं जाऊन लपतो. वर चढताना धापा टाकतो.

आशा : पांडवलेणीसुद्धा गेली! नाशिकमध्ये काही शिल्लक ठेवलंय की नाही तुम्ही? काळाराम मंदिर तरी आहे ना जागेवर? की मी उद्या जाऊन बघून येऊ?

वाल्मीक : हसा तुम्ही दोघं. कथानकाची गरज म्हणून काही गोष्टी कराव्या लागतात. लेखकाला तेवढी मोकळीक असते.

पुंजा : मी नाय हसलो साहेब. पोरं म्हणली, तुझा लेखक खोटारडा हाय. मी भांडलो त्यांच्यासंग. म्हणलं, साहेबानं मुद्दाम फिरवून लिवलंय. खरा रस्ता छापला तर समदे चोर त्या बाईच्या दारात जाऊन बसतील का नाय?

आशा : ऐकलंत? फुकटात वकील मिळाला तुम्हाला. आता तुम्हीच सांगा त्याला, कुठंय दार.

वाल्मीक : आता कसं आहे पुंजाभाऊ, ही मोठी शहरं. रोज काहीतरी पाडतात, रोज काहीतरी बांधतात. तो बोळ आता राहिला नसेल. रस्ता रुंद केला असेल. गेला असेल त्यात.

पुंजा : पाडलं?

वाल्मीक : शक्यता आहे.

पुंजा : मैनाला जाऊन सांगू, पाडलं म्हणून? साहेब, त्यापरीस मी परत दिल्लीची गाडी धरतो.

आशा : बास झालं. माणसाची दुपारची एसटी आहे आणि तुम्ही काय गोल गोल फिरवताय त्याला? पुंजाभाऊ, ऐका माझं. हे दिल्लीला गेलेलेच नाहीत.

पुंजा : कवा?

आशा : कधीच. मनमाडच्या पुढे गाडीत बसलेले नाहीत. मनमाडलासुद्धा मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते, ते हात धुतल्याबरोबर परत. किती वर्षं मागे लागलेय, एकदा मला दिल्ली दाखवा. नाशिकरोडहून रोज गाडी सुटते. पण नाही. शिफ्ट आहे, रजा नाही, सुपरवायझर ऐकत नाही. दुर्गेशला बरी सुट्टी मिळते दर पुस्तकात!

पुंजा : साहेब, खरं का?

वाल्मीक : खरं आहे. एक नकाशा आणला होता मी. आतल्या खोलीत भिंतीला लावलाय. त्यावर बोट ठेवून फिरतो.

पुंजा : नकाशात उतार कळत नाय साहेब.

वाल्मीक : नाही कळत.

पुंजा : मंग ते दार बी नाय.

आशा : रागावला का हो?

पुंजा : राग कशाचा? नदी जवळ आणली, डोंगर आणला, मिसळ खाऊ घातली, चालतंय. गोष्टच ती. पण मैनाला आता काय सांगू मी? दार कधी नव्हतंच म्हणून सांगू? ती भाकरी थापता थापता थांबायची ताई. त्या दारापाशी आलो का थांबायची, तव्यावरली भाकरी करपायची. ते मला नाय सांगता यायचं.

वाल्मीक : नव्हतं असं नाही. दार होतं.

आशा : होतं? कुठे होतं? मनमाडला?

वाल्मीक : कुठे नाही. सहज बोललो. चहाचं काय झालं?

आशा : चहा कुठे पळून जात नाही. पुंजाभाऊ, दार कसं होतं म्हणे?

पुंजा : थांबा, वाचूनच दाखवतो. पुस्तक हाय पिशवीत. दार घावलं का ताडून बघायला नेलं व्हतं. हे बघा, कांद्याचा वास येतो, त्याला इलाज नाय. हां. "बोळात शिरताच दुर्गेशच्या कानावर ठोकठोक आली. दोन्ही अंगांना माणसं तांब्याचे हंडे ठोकत बसली होती."

वाल्मीक : राहू द्या हो. छापील वाचायला काय, घरी वाचता येईल.

आशा : वाचा. काय ठोकत होते?

पुंजा : तांब्याचे हंडे. "टोकाला तीन पायऱ्या. मधली फुटकी. तिच्यावर पाय न देता चढायची सवय झालेली माणसंच त्या घरात शिरत. वर हिरवं दार. दारावर वाजवायला पितळी पोपट, आणि त्या पोपटाची चोच डावीकडे वाकलेली."

आशा : चोच?

पुंजा : डावीकडं वाकलेली. हितं लिवलंय.

वाल्मीक : आशा, जाऊ दे ना.

आशा : तुम्ही मध्ये बोलू नका. पुंजाभाऊ, चोच कशानं वाकली? लिहिलंय का कुठे?

पुंजा : हे काय इचारणं झालं? पयल्याच पुस्तकात हाय. मैनाला तोंडपाठ हाय. दुर्गेश सायब पयल्यांदा त्या घरी गेला तवा त्याच्या सायकलचं हँडल दारावर आपटलं. मला तवाच वाटलं व्हतं, दिल्लीचा इन्स्पेक्टर, जीप सोडून सायकलवर कशापायी जाईल?

आशा : मामाची सायकल होती ती. ब्रेक नव्हते तिला.

पुंजा : मामाचं पुस्तकात काय नाय ताई.

आशा : पुस्तकात नसेल. मला माहीत आहे. मी आत पोहे परतत होते. दारावर एवढा मोठा आवाज झाला, मी डोकावून बघते तर मला बघायला आलेला मुलगा पायरीवर उभा, दोन्ही हातांनी पोपटाची चोच सरळ करतोय.

वाल्मीक : होईना सरळ.

आशा : घामाघूम झाले होते. दादा बाहेर आले, म्हणाले, अहो पाहुणे, तो पितळेचा आहे, त्याला दुखत नाही. या आत.

पुंजा : म्हंजी ताई, ते दार...

आशा : माझ्या वडिलांचं, दादांचं. तांबट आळीच्या मागे आमचा बोळ होता. मागच्या सिंहस्थाच्या आधी रस्ता रुंद झाला, त्यात गेला. समोरची चार घरं, आमचं घर, पायऱ्या, सगळं. दादा त्याच्या आधीच गेले होते, तेवढं बरं झालं. आता त्यावरून बस जाते. मी अजून त्या रस्त्यानं जात नाही. लांबून वळसा घालते, पाय दुखले तरी.

पुंजा : आन् साहेबानं ते दिल्लीत नेलं.

वाल्मीक : काय करणार? घरात बोळाचं नाव काढायची बंदी होती मला. एकदा नुसतं म्हटलं, तुझ्या दादांच्या हातचा हंडा अजून गळत नाही. तर ही दोन दिवस जेवली नाही.

आशा : मला सहन होत नव्हतं हो. कुणी नाव काढलं की मी उठून आत जायचे.

वाल्मीक : आणि मला बोलल्याशिवाय राहवेना. मीही त्याच पायऱ्या चढून आलो होतो की. मग उचलला सगळा बोळ आणि नेऊन ठेवला दिल्लीत. म्हटलं, तिथे असू दे. तिथे कोण पाडायला येतंय.

आशा : दिल्लीच बरी सापडली?

वाल्मीक : लांब आहे. तुला पत्ता लागणार नाही असं वाटलं. आणि एकदा बोळ नेला, तर मग नदी लागली जवळ, बाजार लागला, मिसळ लागली. बोळ काय एकटा राहतो?

आशा : आणि मला कधी नेलं नाहीत, ते शिफ्टमुळे नाही तर.

वाल्मीक : शिफ्टमुळे नाही. तिथं उतरल्यावर मलाही त्या दाराकडे जावंसं वाटलं असतं. वेड्यासारखं शोधलं असतं मी, पुंजाभाऊंसारखं. आणि नसतं सापडलं. एकदा पडताना पाहिलंय ते मी. परत नाही पाहायचं.

आशा : मला म्हणालात, त्या दिवशी कारखान्यात होतात.

वाल्मीक : नव्हतो. बोळाच्या तोंडाशी उभा होतो.

पुंजा : ताई, पाणी देऊ का?

आशा : नको. काही झालं नाही मला. आणि ती बाई? वत्सलाबाईंची ती बाई कोण मग?

पुंजा : ती? अवो, लय टोचून बोलती ती. दुर्गेश सायब केवढा मोठा, दिल्ली हादरवणारा, छातीवर मेडल. पण दार उघडलं का म्हणती, आधी पाय धुवा, मग शौर्य सांगा.

आशा : हे मी म्हणते.

पुंजा : ते आता कळलं. मगाशी तुम्ही साहेबाला वरडल्या ना, कानाला साबण ठेवून येऊ नका, तवाच मला वाटलं, ही बाई आपल्या ओळखीची हाय. कुठं भेटलो ते ध्यानात येईना.

आशा : म्हणजे इतकी वर्षं मी माझ्यावरच रुसून बसले होते?

वाल्मीक : मी सांगणार होतो तुला.

आशा : कधी? पुढच्या खुनाच्या वेळी? आणि एवढी पुस्तकं झाली, एकदाही त्या बाईला गोड बोलता आलं नाही का?

वाल्मीक : काल्पनिक लिहिण्यालाही मर्यादा असते गं.

पुंजा : गोड नाय बोलत, पण चहा देती. दर पुस्तकात. मला मात्र ह्या दारात अजून मिळाला नाय.

आशा : अगं बाई! टाकते, टाकते. आलं घालून टाकते. अहो, तुम्ही ते स्टूल आणा आतलं. धरून उभे राहा.

वाल्मीक : स्टूल कशाला? चहाचा डबा खालीच आहे.

आशा : माळ्यावर चढायचंय मला. धरा नीट. डुगडुगतंय. दुर्गेश असता तर आतापर्यंत उडी मारून वर गेला असता.

वाल्मीक : अगं, सावकाश. काय काढतेस? त्या पेटीत काही नाही, आईची जुनी पातळं आहेत.

आशा : पातळाच्या आत काय आहे ते तुम्ही कधी बघितलंत? धरा. जड आहे.

वाल्मीक : हा... हा इथे? मला वाटलं भंगारात गेला! मी दोन दिवस मातीत शोधत होतो हा.

आशा : पाडायच्या आदल्या दिवशी जाऊन मी काढून आणला. नारळाच्या विळीनं स्क्रू काढले.

वाल्मीक : आणि मला सांगितलं नाहीस?

आशा : तुम्ही दिल्लीत ठेवलात, मी माळ्यावर. मला कुठे तुम्ही सांगितलंत? पुंजाभाऊ, हे घ्या. मैनानं काय सांगितलं होतं? हात लावून ये. लावा.

पुंजा : खरंच लावू?

आशा : लावा हो. तो चावत नाही. चोच आधीच वाकवून ठेवलीय ह्यांनी.

पुंजा : डावीकडंच हाय! साहेब, तुम्ही हे तरी खरं लिवलं. आन् केवढा गार लागतोय. मैना इचारंल, कसा लागला हाताला. आता सांगता येईल.

आशा : तुम्ही कशाला सांगता? तिलाच बघू दे. घेऊन जा.

वाल्मीक : आशा!

पुंजा : नाय ताई. असं नका करू. माझ्या हातनं कुठं पडला, हरवला तर मी काय तोंड दाखवू?

आशा : सबंध दिल्ली भोपळ्याचं वाद्य सांभाळत फिरलात, त्याला साधा तडा नाही. पितळेचा पोपट हरवाल होय? आणि कायमचा नाही देत. पुढल्या महिन्यात विंचूरला उतराल ना?

पुंजा : कांदे काढायला जाऊ. मैना बी असंल.

आशा : मग वाटेत इथे उतरायचं. तिलाच आणू दे परत, तिच्या हातानं. तोवर तुमच्या घराच्या दाराला लावा. वाजवू दे तिला हवा तेवढा.

पुंजा : आमच्या दाराला कुणी वाजवत नाय ताई. हाक मारत्यात आन् येत्यात आत.

आशा : मग आता वाजवतील. अहो, असे बघत काय बसलात? चहा गाळा. उतू जाईल.

वाल्मीक : मी एवढंच म्हणत होतो, आजच्या दिवस इथे राहिला असता. मलाही हात लावायचा होता.

आशा : लावा मग. कुणी धरलंय? पण चोच सरळ करायला जाऊ नका.

वाल्मीक : नाही करत. आता ती तशीच बरी दिसते.

पुंजा : चहा झकास झालाय ताई. दुर्गेश सायब उगाच नाय येत. निघतो मी आता, एसटी गाठायची. साहेब, एक इचारू? फुडल्या पुस्तकात हे दार राहील ना?

वाल्मीक : राहील. रस्ता कितीही रुंद झाला तरी राहील.

आशा : आणि उतारही ठेवा. नदीही तिथेच असू दे. दिल्लीवाल्यांना काय वाटायचं ते वाटू दे. पुंजाभाऊ, पोपट नेताय, मग ते पुस्तक इथे ठेवून जा.

पुंजा : ह्याची सुरवातीची पानं गेलीत ताई. पावसात भिजली.

आशा : सुरुवात मला माहीत आहे. पुढचं वाचायचंय.

पुंजा : घ्या तर. पण ताई, एक राहिलंच. मैना डोळ्यात बघून इचारंल, दिल्लीत हा कुठं भेटला? तिच्यासमोर खोटं नाय बोलता येत मला.

वाल्मीक : त्यांना असं सांगा, की लेखकाच्या खासगी संग्रहातून, अत्यंत दुर्मिळ अशी...

आशा : तुम्ही गप्प बसा बरं. पुंजाभाऊ, खोटं बोलायचं कारणच नाही. पोपट तिच्या हातात द्या आणि सांगा, दिल्लीला एका ताईचं माहेर आहे, तिनं पाठवलाय.